फावल्या वेळचे काम?

एस. वाय. बी. ए.ची एक विद्यार्थिनी

गेल्या वर्षी आपल्या स्नेहसंमेलनात हस्तकलेचे प्रदर्शन भरले होते, ते पुष्कळांना आठवत असेल. रांगोळ्यांच्या खोलीला लागून जी लहान खोली आहे तिच्यात, खिडकीपाशी, मी क्रोशाने विणलेले बाळकृष्णाचे अंगडे-टोपडे ठेवले होते. टोपडे अंगठ्याच्या टोकावर बसेल एवढे. त्याच्या शेजारी बोटाच्या पेराएवढी एक टोपली आणि एक कमळ. येणारे-जाणारे वाकून पाहात, "दृष्ट लागेल बाई!" म्हणत आणि पुढे सरकत. आमच्या एका सरांनी तर चष्मा काढून, टोपडे तळहातावर घेऊन पाहिले आणि आपुलकीने म्हणाले, "वा! फावल्या वेळाचा उत्तम सदुपयोग!" टेबलावरच्या कार्डावरही संयोजकांनी तेच लिहिले होते : 'फावल्या वेळातील छंद'.

सरांनी कौतुकच केले होते, त्यात राग येण्यासारखे काहीही नव्हते. मी "थँक्यू सर" म्हटले. परंतु घरी जाताना एस.टी.त बसल्यावर तो शब्द मनात टोचू लागला. फावला वेळ! तो मला कधी मिळाला होता? सकाळी साडेपाचला उठून पाणी भरायचे, डबे करायचे, कॉलेज करायचे, परत येऊन धाकट्याचा अभ्यास घ्यायचा, भाकरी टाकायच्या, आणि रात्री साऱ्यांची जेवणे झाल्यावर दिव्याखाली बसून ते टोपडे विणले होते. तो वेळ झोपेतून काढलेला होता. त्याला फावला म्हणायचे तर झोपेलाही फावलीच म्हणावे लागेल.

या एका शब्दाबद्दल लिहावे म्हणून हा लेखप्रपंच. परंतु त्याआधी क्रोशाबद्दलच थोडे सांगितले पाहिजे, कारण प्रदर्शनानंतर पाच-सहा मैत्रिणींनी (आणि एका मित्राने, हळूच, कोणी ऐकत नाही असे पाहून) "हे कसे सुरू करायचे?" असे विचारले होते.

माझी सुरुवात आजीच्या डब्यापासून झाली. आजीचे माहेर कडूसकडचे. ती शाळेत गेली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तिच्याजवळ बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात दोन सुया, पिवळट पडलेल्या दोऱ्याचा एक गुंडा आणि तिच्या लग्नाच्या रुखवतातले तोरण, एवढा ऐवज. तोरण जाळीच्या विणीचे आहे. म्हणजे लहान लहान चौकोनी घरे विणायची, काही भरायची, काही मोकळी सोडायची. भरलेल्या घरांतून अक्षरे उमटतात. आजीच्या तोरणावर 'सुस्वागतम' अशी अक्षरे आहेत. ती इतकी ठसठशीत आहेत की छापील वाटावीत.

मी एकदा विचारले, "आजी, तुला वाचता येत नव्हतं, मग हे लिहिलंस कसं?"

आजी म्हणाली, "लिव्हलं कुटं? शेजारनीचं तोरन पुढ्यात ठेवलं व्हतं. चार घरं भरायची, दोन मोकळी, मंग एक भरायचं. मला घरं ठावं व्हती. अक्षर हाये का येल हाये, म्या कशाला बघू?"

म्हणजे जे अक्षर तिला वाचता येत नव्हते, ते तिने एकही घर न चुकता विणले होते. पुढे कितीतरी वर्षे ते दारावर लागले, आणि येणाऱ्या पाहुण्यांनी ते वाचले. मी ते पहिल्यांदा मोठ्याने वाचून दाखविले तेव्हा मी दुसरीत असेन. आजीने दोनदा वाचून घेतले होते म्हणे. मला ते आठवत नाही, आई सांगते.

तर, सुरुवात. माझी पहिली चूक अशी की मी एकदम बारीक कामालाच हात घातला. पुण्याला बोहरी आळीत जाऊन ८० नंबरचा दोरा आणि ०.६ मिलिमीटरची पोलादी सुई घेऊन आले. इथे नवख्याचा हमखास गोंधळ होतो. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. १० नंबरचा जाड, २० त्याहून बारीक, ८० म्हणजे जवळजवळ शिवणाच्या दोऱ्यासारखा. सुईचे माप मात्र मिलिमीटरमध्ये असले तर सरळ वाचावे : १ मिलिमीटरहून ०.६ बारीक. ०.५ मिलिमीटरच्या सुयाही मिळतात. जपानच्या हिरोशिमात सुया करण्याचा जुना धंदा आहे, तिकडच्या सुयांचे आकडे फार सफाईदार असतात असे विणणाऱ्या सांगतात. माझी सुई साधीच होती. तीन रात्री मी तिच्याशी झगडले. दोरा उसवे, पिळे सुटत, टाका दिसेना. चौथ्या रात्री आजी म्हणाली, "पव्हायला शिकताना कुनी भीमंच्या डोहात उडी घेतं का? आदी पाटाच्या पान्यात हात-पाय मार."

ते खरे होते. लोकर आणि ३–४ मिलिमीटरची जाड सुई घ्यावी. साखळी, मुका खांब, खांब एवढे तीन टाके हाताला बसवावेत. मग तोच नमुना २० नंबरच्या दोऱ्यावर, सव्वा मिलिमीटरच्या सुईने करावा. आणि तो डोळे मिटून यावा असे झाले की मग ८० नंबर. नमुना बदलू नये. एकच फूल तीन वेळा तीन मापांत केले की हात आपोआप शिकतो. बारीक कामात टाका दिसत नाही हे गृहीतच धरावे; तो बोटांनी ओळखावा लागतो. लोकरीवर बोटांना जी ओळख झालेली असते ती तिथे कामाला येते.

गोल विणायचा असेल तर दोऱ्याचा सरकता फास करून त्यात सहा मुके खांब घालावेत. पुढच्या फेरीत बारा, त्यापुढे अठरा, असे सहा-सहाने वाढवीत गेले की चकती सपाट बसते. वाढविणे थांबविले की कडा वर वळते, आणि टोपडे किंवा टोपली होते. एवढेच गणित आहे. आजी ते 'सा-सा' असे म्हणत मोजते. तिला पाढे येत नाहीत, पण छत्तीसपर्यंत ती चुकत नाही.

आणखी दोन गोष्टी. टाका सुईच्या आकड्यापाशी, मानेवर घट्ट करू नये. मागे दांडीवर सरकवून तिथे मापाचा करावा. नाहीतर पुढच्या फेरीत सुईच आत शिरत नाही, आणि जोर लावला की दोरा चिरतो. आणि काळा दोरा सुरुवातीला घेऊच नये. पांढरा किंवा पिवळा घ्यावा, मांडीवर गडद रंगाचा कपडा पसरावा, उजेड डाव्या खांद्यावरून यावा. हात धुऊन, कोरडे करून बसावे. सुई अडखळू लागली तर केसांतून एकदा फिरवावी, ही आजीची युक्ती. वहीवरच्या चित्रांत ती कुठेही दिलेली नसते. मधूनमधून मान वर करून लांबचे काहीतरी पाहावे. मी खिडकीतून समोरच्या चिंचेकडे पाहाते.

आता त्या शब्दाकडे येते.

प्रदर्शनानंतर मला वाटले की हे विकले तर फीचे पैसे तरी निघतील. आळंदी आपल्याच तालुक्यात. तिथे देवाच्या वस्तूंची दुकाने ओळीने आहेत, बाळकृष्णाचे पोशाख टांगलेले असतात. मी एका दुकानात गेले. दुकानदार वयस्क, बोलायला गोड. त्यांनी अंगडे उलटसुलट करून पाहिले, "काम नंबर एक आहे, पोरी" म्हणाले आणि नगाला तीस रुपये देऊ केले. मी म्हटले, "काका, याला साडेचार तास लागतात." त्यावर ते हसून म्हणाले, "अगं, पण तू कुठं कामाला जाऊन करतेस? घरबसल्याच करतेस ना? फावल्या वेळातच!"

पुन्हा तोच शब्द! सरांच्या तोंडी तो कौतुक होता, काकांच्या तोंडी तो भाव पाडण्याचे कारण झाला. मी बसस्टँडवर वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. दोरा दोन-तीन रुपयांचा सोडला तर तासाला सहा रुपये पडत होते. काकांनाही मी फार दोष देत नाही. साटीन आणि गोटा लावून यंत्रावर शिवलेला पोशाख त्यांच्याकडे वीस रुपयांना टांगलेला होता. गिऱ्हाईक दोन्हींकडे एकाच नजरेने पाहाते.

वस्तुतः या दोन्हींत फार मोठे अंतर आहे. आपल्या समाजशास्त्राच्या मॅडमनी मला त्याबद्दल वाचायला दिले तेव्हा ते कळले. विणकामाच्या यंत्रात सुयांची रांगच्या रांग असते आणि टाक्यांची सारी ओळ एकदम उघडी असते. म्हणून स्वेटर, बनियन यंत्रावर निघतात. क्रोशात एका वेळी एकच टाका उघडा असतो. तो पूर्ण करून मगच पुढचा घ्यायचा, आणि सुई आधीच विणलेल्या कापडात कुठूनही, कोणत्याही दिशेने घालायची. हे यंत्राला जमत नाही. प्रयोगशाळांत प्रयत्न झाले आहेत, परंतु बाजाराला पुरेल असे खऱ्या क्रोशाचे यंत्र अद्याप चाललेले नाही. यंत्रावरची म्हणून जी क्रोशासारखी जाळी मिळते ती वेगळ्या विणीची असते. याचा अर्थ असा की जगात कुठल्याही दुकानात, कितीही स्वस्तात, खरे क्रोशे टांगलेले दिसले तर ते कोणीतरी हाताने केलेले आहे. स्वस्त दोरा मिळाल्यामुळे ते स्वस्त होत नाही. हात स्वस्त मिळाला म्हणून होते.

आपल्या चाकणला यंत्राचा हात गाडीचा पत्रा जोडतो, रंग देतो. त्याला साखळीचा एक टाका विणता येऊ नये याची मला, खरे सांगायचे तर, थोडी गंमत वाटते.

हाताच्या या स्वस्ताईचा इतिहास मोठा आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ पडला. तेव्हा तिथल्या जोगिणींनी मठांतून आणि शाळांतून मुलींना क्रोशाची लेस शिकविली. इटलीतल्या महागड्या सुईकामाच्या लेसची ती नक्कल होती, पण क्रोशाने फार लवकर होई. एका घरी नुसते गुलाब, दुसऱ्या घरी नुसती पाने, अशी कामाची वाटणी असे. मग कोणीतरी सारे जोडून गळपट्टी तयार करी आणि ती शहरातल्या श्रीमंत बायकांच्या गळ्यात जाई. या दुष्काळात पुष्कळ घरे त्या लेसवर तगली. हे वाचताना मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. त्यांनी १८९६–९७च्या दुष्काळातून सोडविलेल्या मुलींना आपल्याच जिल्ह्यात, केडगावच्या मुक्तिसदनात, शिवण, विणकाम, छापखान्याचे काम शिकविले. अन्नाची भ्रांत पडली की बाईच्या हाती सुई द्यायची, हे तिकडेही झाले आणि इकडेही. फरक एवढाच की रमाबाईंनी सुईबरोबर अक्षरही दिले.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. आंध्र प्रदेशात, गोदावरीच्या मुखाकडे, नरसापूर नावाचे गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस आणली. आधी गरीब ख्रिस्ती स्त्रिया ती करीत. पुढे शेतकरी कापू जातीच्या, घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियाही करू लागल्या. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली एक पुस्तक लिहिले. (या बाई १९६० नंतरच्या दशकात पुण्यात जर्मन शिकवीत असत. म्हणजे आपल्यापासून चाळीस किलोमीटरवर त्या राहिल्या होत्या!) त्यांना दिसले ते असे : बायका दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणत होत्या, माल परदेशी जात होता, व्यापारी आणि निर्यातदार पुरुष श्रीमंत होत होते, आणि तरीही सारेजण, खुद्द विणणाऱ्या बायकासुद्धा, या कामाला घरात बसल्या बसल्या करण्याचे फावल्या वेळचे काम समजत होते. ती कामगार नव्हती, गृहिणी होती. मग मजुरी मागायची कोणी, आणि कोणत्या तोंडाने? नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण मिळाले ही चांगलीच गोष्ट झाली. विणणारीच्या तासाला काय मिळते, हे मानांकनाच्या प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते.

म्हणजे आळंदीच्या काकांनी जो शब्द वापरला तो त्यांचा एकट्याचा नव्हताच. तो दीडशे वर्षे चालत आलेला आहे.

इथे मला माझ्या आईबद्दल सांगितल्यावाचून राहावत नाही. आई चाकणजवळच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत जाते. तिथे रबराचे लहान लहान भाग साच्यातून निघतात, त्यांच्या कडेला केसासारखी पातळ रबराची झालर राहिलेली असते. ती ब्लेडने काढायची. भागाला चरा पडता कामा नये. चरा पडला की तो नग बाद. आई आठ तासांत शेकडो नग करते. मी एकदा तिने आणलेला बाद नग हातात घेऊन प्रयत्न केला. मी, जी ०.६ मिलिमीटरच्या सुईने टोपडे विणते म्हणून मिरविते, पहिल्याच झटक्याला रबर कापून बसले. आई हसली. तिच्या पगाराच्या चिठ्ठीवर एक शब्द छापलेला असतो : 'अकुशल'. किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे तीन रकाने असतात, त्यांतला शेवटचा.

आजीचे काम फावल्या वेळचे, आईचे काम अकुशल. दोघींच्या बोटांत जे आहे ते शिकायला मला दोन वर्षे लागली आणि अजून पुरते आलेले नाही. मग कुशल कोणाला म्हणतात? ज्याला शिकल्याचा कागद मिळतो त्याला, असेच उत्तर मला दिसते. आणि तो कागद मिळविण्यासाठीच तर मला या महाविद्यालयात घातले आहे, हेही मी जाणून आहे.

आईला आता चाळिशी लागली आहे, वयाने आणि डोळ्यांनीही. ब्लेडच्या कामाला चष्मा लावून बसलेली बाई सुपरवायझरला फारशी आवडत नाही, असे ती म्हणते. म्हणून ती चष्मा पिशवीत ठेवते आणि डोळे बारीक करून काम करते. मी तिला रागावते. ती म्हणते, "तुझ्या आजीला विचार, तिनं किती वर्षं तसंच विणलं."

या लेखाचा कच्चा खर्डा मी वर्गातल्या एका मैत्रिणीला दाखविला. तिने दोन आक्षेप घेतले. ते खोटे नाहीत म्हणून इथे देते. ती म्हणाली, "तू एवढे तास सुईत घालवतेस, ते स्पर्धा परीक्षेला दिलेस तर आईचा चष्मा आणि ब्लेड दोन्ही सुटेल." यावर मला पटकन उत्तर देता आले नाही. आजही पुरते देता येत नाही. एवढेच म्हणेन की दिवसभर पुस्तकात डोके घालून रात्री जो तास मी विणते, त्या तासात माझे डोके शांत होते आणि सकाळी पाठ केलेले आठवते. पण हा तास तीनचा होतो तेव्हा ती बरोबर असते. दुसरा आक्षेप असा की, "छंदाला छंद म्हटलं तर बिघडलं कुठं? प्रत्येक गोष्टीचा पैसा कशाला?" बिघडत काहीच नाही. मैत्रिणीच्या बाळाला मी टोपडे करून दिले, त्याचा कुणी हिशेब केला नाही, करूही नये. प्रेमाने दिलेल्या तासाला मोल लावू नये हे मला मान्य आहे. मात्र दुकानात टांगायच्या वस्तूला प्रेमाचे नाव देऊन मोल बुडवू नये. दोन्ही ठिकाणी सुई तीच असते म्हणून ही गल्लत होते.

आणि तो मित्र, ज्याने हळूच विचारले होते? त्याला मी लोकर आणि जाड सुई दिली. तो वर्कशॉपमध्ये काम केलेला, हात स्थिर. पंधरा दिवसांत माझ्यापेक्षा एकसारखे टाके घालू लागला. पण प्रदर्शनाला काही ठेवायला तयार नाही. मुले हसतील म्हणतो. मुलींच्या हातकामाला फावल्या वेळचे म्हणायचे आणि मुलाने तेच केले तर हसायचे, या दोन्हींचे मूळ मला एकच वाटते. त्याने यंदा निदान नाव न घालता तरी ठेवावे, असा माझा आग्रह चालू आहे.

यंदाच्या प्रदर्शनाच्या संयोजकांकडे मी एक साधी मागणी केली आहे. हस्तकलेच्या कार्डावर 'फावल्या वेळातील' हे शब्द घालू नयेत. त्या जागी माल कोणता, माप काय आणि वेळ किती लागला, एवढे लिहावे. रांगोळी असो, मातीची मूर्ती असो की क्रोशे असो. मॅडमनी होकार दिला आहे. सर म्हणाले, "वेळ कशाला? लोक काय घड्याळ बघायला येतात?" नंतर तेच म्हणाले, "बरं, लिहून तर पाहू."

आळंदीला मी पुन्हा गेले नाही. गावातल्या दोन ओळखीच्या बायकांनी पोशाख सांगितले आहेत. मी त्यांना तास सांगितले, भाव सांगितला. एकीने लगेच हो म्हटले. दुसरी "विचार करते" म्हणाली, ती अजून विचारच करते आहे.

माझे कार्ड मी लिहून ठेवले आहे. 'बाळकृष्णाचे अंगडे-टोपडे. दोरा ८० नंबर. सुई ०.६ मिलिमीटर. वेळ ४ तास ४० मिनिटे, रात्रीचे.' सोबत यंदा आजीचे तोरणही ठेवायचे आहे. त्याच्या कार्डासाठी मी आजीला विचारले, किती दिवस लागले होते? ती बराच वेळ बोटे मोडीत बसली. मग म्हणाली, "पेरनी झाल्यावर घेतलं, आन् दिवाळीला हातातनं सुटलं. तसंच लिव्ह." आणि थोड्या वेळाने : "वैशाखात धाकट्या आत्याच्या पोरीचं लगीन हाये, तवर म्हागारी आन. दारावर लावायचंय."